समकालीन दक्षिण आशियाई पुस्तकांचे रसग्रहण (नाशिक)

भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान, मालदीव आणि अफगाणिस्तान या आठ देशांतल्या, किंवा तिथून बाहेर जाऊन स्थायिक झालेल्या लेखकांची गेल्या तीस-चाळीस वर्षांतली पुस्तके वाचणे आणि त्यांवर एकट्याने वा गटाने सविस्तर बोलणे-लिहिणे, असा या नोंदीचा विषय आहे. समीक्षा हे अभ्यासकाचे काम. रसग्रहण कोणत्याही चोखंदळ वाचकाला करता येते, मात्र त्याला शिस्त लागते. मराठी वाचकापुढची मुख्य अडचण अशी, की शेजारच्या भाषेतले पुस्तक त्याच्यापर्यंत सरळ येत नाही. कन्नड कथा सोलापूर-बेळगावच्या पलीकडे लिहिली जाते आणि नाशिकच्या वाचकाच्या हाती पडते ती इंग्रजीतून. त्यामुळे पुस्तक कोणत्या वाटेने आपल्यापर्यंत पोहोचले, हे पाहण्यापासूनच या रसग्रहणाची सुरुवात होते.

नाशिकमधील सोय

१८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, म्हणजे नाशिककरांचे 'सावाना', हे राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे जातात आणि गटागटांत बदलत राहतात. गटाने वाचायची सवय शहराला त्यातून लागली. गोदाकाठी मे महिन्यात भरणारी वसंत व्याख्यानमाला १९२२ पासूनची आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ९४वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही इथेच झाले. म्हणजे ऐकणारा आणि वाचणारा वर्ग शहरात आहे. उणीव आहे ती शेजारच्या भाषांतल्या नव्या पुस्तकांची. देवघेव विभागात अनुवादाचे कपाट असते, पण त्यात पाश्चात्त्य रहस्यकथा आणि आत्मचरित्रेच जास्त भरतात. वाचनालयात पुस्तक मागवताना नुसते नाव सांगून भागत नाही. लेखक, अनुवादक, प्रकाशक आणि आयएसबीएन (त्या आवृत्तीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) एकत्र लिहून द्यावा, नाहीतर त्याच नावाची भलतीच आवृत्ती येते.

पुस्तक शोधण्यातही एक खोच आहे. वाचनालये पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्यासाठी जे ड्यूई दशांश वर्गीकरण वापरतात, त्यात हिंदी साहित्य ८९१.४३, बंगाली ८९१.४४, मराठी ८९१.४६ आणि कन्नड ८९४.८१४ या क्रमांकांखाली येते. अनुवादित पुस्तकाला मूळ भाषेचा क्रमांक मिळतो. थेट इंग्रजीत लिहिलेली श्रीलंकन किंवा पाकिस्तानी कादंबरी मात्र ८२३ मध्ये, ब्रिटिश कादंबऱ्यांच्या शेजारी जाऊन बसते. 'दक्षिण आशिया' असे एक कपाट कुठेच नसते, म्हणून यादी आपली आपणच करावी लागते.

हक्कांचे पान

वाचायला घेण्याआधी शीर्षकपानामागचे हक्कांचे पान पाहावे. मूळ भाषा कोणती, मूळ पुस्तक कोणत्या साली आले, अनुवाद कोणत्या साली झाला, अनुवाद थेट मूळ भाषेतून आहे की मधल्या भाषेतून, आणि मजकूर संक्षिप्त आहे का, एवढ्या पाच गोष्टी टिपून ठेवाव्यात. उमा कुळकर्णींनी एस. एल. भैरप्पांच्या कादंबऱ्या कन्नडमधून सरळ मराठीत आणल्या. तसे घडते तेव्हा वाचकाचे भाग्य. इंग्रजी अनुवादावरून केलेल्या मराठी अनुवादात नाती, हुद्दे आणि खाण्याचे पदार्थ दोनदा बदललेले असतात. काकू आधी 'आंटी' होते आणि मग मराठीत मावशी, आत्या किंवा मामी म्हणून परत येते. अशा पुस्तकात नात्यांवर आधारलेले निष्कर्ष जपून काढावेत.

सालांतले अंतरही बोलके असते. बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प' या संग्रहात बारा कथा आहेत आणि त्या तीस वर्षांहून अधिक काळात कन्नडमध्ये लिहिल्या गेल्या. दीपा भास्ती यांचा इंग्रजी अनुवाद आला आणि २०२५चे आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक त्याला मिळाले. सगळ्या कथा एकाच सुमारास लिहिल्यात असे धरून वाचले, तर लेखिकेची वाढ नजरेतून सुटते आणि कथा एकसारख्या वाटू लागतात.

कानाची तयारी

अनुवाद वाचायचा कान तयार करण्याचा सर्वांत चांगला मार्ग नाशिककराच्या हाताशीच आहे, आणि तरी तो फार थोडे लोक वापरतात. आपल्याला मूळ भाषा येते असे एखादे मराठी पुस्तक घ्यायचे आणि त्याचा इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवून वाचायचा. नाशिकजवळच्या विहितगावात १९३० साली जन्मलेले बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ मध्ये आला. जेरी पिंटो यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दया पवारांचे 'बलुतं' १९७८चे, आणि त्याचाही इंग्रजी अनुवाद पिंटो यांनीच २०१५ मध्ये केला.

रीत अशी. बागुलांच्या शीर्षककथेतली सलग दोन पाने निवडावीत. एकाने मराठी परिच्छेद मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने लगेच तोच इंग्रजीतून वाचावा. ऐकणाऱ्यांनी पेन्सिलीने चार गोष्टी टिपाव्यात : वाक्य कुठे तोडले किंवा जोडले, कोण कोणाला अरे-तुरे करतो आणि कोणाला अहो-जाहो, ते इंग्रजीत कसे दाखवले, शिव्या आणि जातिवाचक शब्द तसेच ठेवले की सौम्य केले, आणि निवेदकाचा संताप वाचताना त्याच ठिकाणी चढतो का. दोन पानांना तासभर सहज लागतो. त्या तासात कळते, की इंग्रजीत 'यू' एकच असल्यामुळे उतरंड दाखवायला अनुवादकाला दुसरीच साधने शोधावी लागतात. कधी तो 'सर' घालतो, कधी वाक्य तुटक ठेवतो. हे एकदा आपल्या भाषेच्या बाबतीत पाहिले, की न येणाऱ्या कन्नड किंवा तमिळचा अनुवाद वाचतानाही अशा जागा ओळखू येतात. हा सराव केल्याशिवाय 'अनुवाद उत्तम आहे' असे म्हणण्याला अर्थ नाही. तेव्हा आपण फक्त इंग्रजी ओघवते आहे एवढेच सांगत असतो.

काही पुस्तके जवळून

विवेक शानभाग यांची 'घाचर घोचर' (२०१३, श्रीनाथ पेरूर यांचा इंग्रजी अनुवाद २०१५) ही नव्या गटाने सुरुवातीला घ्यावी. शे-सव्वाशे पानांचे पुस्तक, बंगळुरूतले एकत्र कुटुंब, मसाल्याचा धंदा आणि त्यातून अचानक आलेला पैसा. निवेदकाला नाव नाही. तो कंपनीचा संचालक आहे, पण त्याला काम काहीच नाही. या कादंबरीत महत्त्वाचे ते सांगितलेलेच नाही, म्हणून कथानकाचा सारांश काढणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. जुन्या घरातल्या मुंग्यांचा भाग सर्वांनी मोठ्याने वाचावा. मुंग्या मारताना घरातल्या माणसांना हळूहळू जो आनंद होऊ लागतो, त्यातच पुढचे सगळे पेरलेले आहे. मग प्रत्येकाने पुस्तकातली अशी ठिकाणे काढून आणावीत, जिथे कुटुंब कमावत्या माणसाला सांभाळून घेण्यासाठी गप्प बसते. या खुणा एकत्र मांडल्या, की शेवट आपोआप उलगडतो. आपल्याकडच्या वाचकाला ही घरातली चुप्पी ओळखीची असते. परक्या परीक्षणांपेक्षा त्याचे वाचन इथे जास्त खोल जाऊ शकते.

गीतांजली श्री यांची 'रेत समाधि' (२०१८) मराठी वाचकाने शक्यतो हिंदीतूनच वाचावी. लिपी तीच आहे, आणि डेझी रॉकवेल यांच्या ज्या इंग्रजी अनुवादाला २०२२चे आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले, तो अडलेल्या जागी संदर्भासाठी जवळ ठेवता येतो. 'पीठ', 'धूप' आणि 'हद-सरहद' असे तिचे तीन भाग आहेत. ऐंशी वर्षांची आई नवरा गेल्यावर भिंतीकडे पाठ न फिरवता, घराकडे पाठ फिरवून निजून राहते, तो पहिला भाग मुद्दाम संथ आहे. अनेकजण पुस्तक तिथेच सोडतात. उपाय साधा आहे : रोज दहा पाने, निम्मी तोंडाने. भाषेचा खेळ कानाला कळतो, डोळ्यांना तितका नाही. वाघा सीमेच्या प्रसंगात फाळणीवर लिहिणारे लेखकच पात्रे होऊन येतात. मंटो आणि इंतिजार हुसेन यांच्या दोन-तीन कथा आधी वाचलेल्या असल्या, तर तो प्रसंग खुलतो.

शेहान करुणतिलक यांच्या 'द सेव्हन मून्स ऑफ माली अल्मेडा' (बुकर २०२२) या कादंबरीला अर्ध्या पानाची पूर्वतयारी हवी. जुलै १९८३ची तमिळविरोधी दंगल, १९८७चा भारत-श्रीलंका करार व भारतीय शांतिसेना, आणि त्याच सुमारास श्रीलंकेच्या दक्षिणेत झालेला जनता विमुक्ती पेरमुना या डाव्या पक्षाचा उठाव, एवढे तीन मुद्दे पुरतात. पक्ष-संघटनांच्या आद्याक्षरांचा खुलासा कादंबरीतच सुरुवातीला आहे. ते पान दुमडून ठेवावे. निवेदन 'तू' या संबोधनाने चालते आणि ज्याच्याशी बोलणे चालले आहे तो छायाचित्रकार मेलेला आहे. त्याच्याकडे सात रात्री आहेत. या रात्री मोजत वाचले, की गोंधळ कमी होतो.

जयंत कायकिणी यांच्या मुंबईवरच्या कन्नड कथांचा 'नो प्रेझेंट्स प्लीज' हा संग्रह तेजस्विनी निरंजना यांनी इंग्रजीत आणला. मुंबईला रोजची ये-जा असलेल्या शहरातल्या वाचकाला तो विशेष भावेल.

पारितोषिकांच्या याद्या

निवडीसाठी पारितोषिकांच्या याद्या उपयोगी पडतात, पण अंतिम विजेत्यापेक्षा लघुयादी पाहावी. दक्षिण आशियाई साहित्यासाठीचे डीएससी पारितोषिक २०११ पासून दिले गेले. २०१८चे पारितोषिक कायकिणींच्या संग्रहाला मिळाले, तेव्हा प्रथमच अनुवादित पुस्तकाचा सन्मान झाला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या जेसीबी पारितोषिकात लेखकाला २५ लाख रुपये, आणि पुस्तक अनुवादित असल्यास अनुवादकाला वेगळे १० लाख, अशी तरतूद होती. बेन्यामिन, एस. हरीश, एम. मुकुंदन, खालिद जावेद आणि पेरुमाळ मुरुगन हे भारतीय भाषांतले लेखक त्या यादीतून इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचले. या याद्यांची मर्यादा अशी, की इंग्रजीत न आलेले पुस्तक त्यांत नसतेच. नेपाळी, सिंहली आणि सिंधीतले बरेच चांगले लेखन त्यामुळे बाहेर राहते. साहित्य अकादेमी २४ भाषांतल्या पुस्तकांना पुरस्कार देते आणि अनुवादांसाठी वेगळा पुरस्कार आहे. तिच्या यादीकडे म्हणूनच जास्त लक्ष द्यावे.

बैठक

आठ ते दहा माणसे पुरेत. बाराच्या वर गेले की दोघे-तिघेच बोलतात. पुस्तक सहा आठवडे आधी ठरवावे, कारण प्रती मागवण्यातच दोन आठवडे जातात. दोनशे-अडीचशे पानांपर्यंतचे पुस्तक एका बैठकीत होते, त्याहून मोठे दोन बैठकांत करावे. मे महिन्यातल्या संध्याकाळी व्याख्यानमालेमुळे माणसे जमत नाहीत, तेव्हा सकाळची वेळ ठेवावी.

दोन तासांत पहिली दहा मिनिटे हक्कांच्या पानावरची माहिती. पुढची वीस मिनिटे आधीच ठरवलेले तीन उतारे मोठ्याने वाचायचे. मग तासभर चर्चा, आणि ती 'आवडले का' या प्रश्नाने सुरू करू नये, कारण उत्तरे हो-नाहीत संपतात. 'कोणत्या पानावर तुमचे मत बदलले' असे विचारावे. म्हणजे प्रत्येकाला पान उघडून दाखवावे लागते. उरलेल्या वेळात टिपण आणि पुढच्या पुस्तकाची निवड.

पैसे वाचवण्यासाठी एका प्रतीवरून सगळ्यांसाठी झेरॉक्स काढणे बेकायदा आहे. भारतात प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि अनुवादाचा हक्क वेगळा असतो. समीक्षेपुरते अवतरण आणि सभेत वाजवी लांबीचा उतारा वाचणे यांना १९५७च्या कायद्याने मुभा आहे. दोन वाचकांत एक प्रत आणि दोन आठवड्यांची पाळी लावली, तर प्रती आल्यावर उरलेले चार आठवडे बरोबर पुरतात.

कुठे बिघडते

सर्वांत जास्त बिघाड होतो तो पुस्तकाला बातमीसारखे वाचल्याने. पाकिस्तानी कादंबरी उघडली की 'तिकडची परिस्थिती' शोधायची, आणि चर्चा अर्ध्या तासात राजकारणावर न्यायची. मग लेखकाने रचना कशी केली हे कोणी बोलतच नाही. उपाय असा, की पहिला पाऊण तास पुस्तकाबाहेरचे काही बोलायचे नाही असा नियम आधीच करावा. याच्या उलट चूक म्हणजे 'अगदी आपल्यासारखेच आहे' म्हणून सगळे फरक पुसून टाकणे. तमिळ गावातली जात आणि निफाड-दिंडोरीकडची जात सारख्या रीतीने चालत नाहीत. पेरुमाळ मुरुगन यांच्या 'माधोरुबागन' (२०१०) या कादंबरीवर जो विरोध झाला, त्यामुळे जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी आपल्यातला लेखक मेला असे जाहीर केले. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. हा वाद समजायला तिरुचेंगोडच्या देवळाची आणि तिथल्या समाजाची माहिती लागते, आणि आपल्याकडच्या एखाद्या वादाशी तुलना करून ती मिळत नाही.

तिसरी चूक अनुवादकाचे नाव न घेण्याची. सूचनाफलकावर, निमंत्रणात आणि टिपणात लेखकाबरोबर अनुवादकाचे नाव लिहिलेच पाहिजे. मलपृष्ठावरच्या स्तुतीची वाक्ये टिपणात उतरवणे हाही सर्रास दिसणारा दोष आहे.

टिपण

रसग्रहणाचे टिपण ४०० ते ६०० शब्दांचे असावे. वर मूळ नाव, मूळ भाषा, अनुवादक, दोन्ही साले आणि पृष्ठसंख्या. कथानकाला पाच ओळींपेक्षा जास्त जागा देऊ नये, शेवट फोडू नये. निम्मे टिपण एखाद्याच प्रसंगावर खर्च केले तरी चालते, किंबहुना तसेच करावे. प्रत्येक विधानाला पृष्ठक्रमांक द्यावा आणि कोणती आवृत्ती वापरली ते लिहावे, कारण हार्डबाउंड आणि पेपरबॅकची पाने जुळत नाहीत. एक प्रत गटाच्या वहीत लावावी आणि दुसरी ज्या वाचनालयातून पुस्तक आणले तिथल्या ग्रंथपालांकडे, त्या लेखकाच्या पुढच्या पुस्तकाच्या मागणीसह द्यावी.