कागदी विमान (लांब पल्ल्याचे)

कागदाला घड्या घालून केलेले आणि हाताने भिरकावून उडवायचे बिनइंजिनाचे विमान. फेकणाऱ्याच्या हाताने दिला तेवढाच वेग त्याच्या पदरात पडतो. पुढे हवेशी झगडण्यात तो सरत जातो आणि उंचीही घटत जाते. मुले पल्ल्यासाठी नाक अणकुचीदार करण्याच्या मागे लागतात. त्याने हवेचा विरोध कमी होतो हे खरे, पण खरी मेख तोलात आहे.

विमान बोटावर तोलून पाहिले की गुरुत्वमध्य कळतो. तो फार मागे असेल तर विमान नाक वर करते, हवेत थबकते आणि कोसळते. फार पुढे असेल तर सरळ गोता खाते. म्हणूनच बहुतेक चांगल्या विमानांत नाकाकडे घड्यांचे थर साठवलेले दिसतात. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी 2022 मध्ये यामागचे कारण प्रयोगाने दाखवले. सपाट पातळ पंखाचे नाक थोडे वर झाले की हवेच्या उचलीचा केंद्रबिंदू मागे सरकतो, त्यामुळे शेपटाकडची बाजू उचलली जाते आणि नाक आपोआप खाली येते. पंख स्वतःच स्वतःला सावरतो, ही गोष्ट मला फार सुंदर वाटते.

एवढे करूनही विमान गोता खात असेल, तर पंखांच्या मागच्या कडा नखाने जेमतेम एक मिलिमीटर वर वळवाव्यात. ते नाक वर करून थबकत असेल, तर त्याच कडा किंचित खाली दाबाव्यात. एका वेळी एकच बदल करून पुन्हा फेकून पाहावे. पंख समोरून पाहता थोडे वर उचललेले हवेत, म्हणजे विमान एका कुशीवर कलंडले तरी पुन्हा सरळ होते. हातातून सुटताच खालची घडी फाकते आणि पंख खाली झुकतात, त्यामुळे ते आधीच जरा जास्त उचलून ठेवावेत.

कागदाचीही निवड महत्त्वाची. वहीचे पान पातळ, आणि पावसाळ्यात दमट होऊन मऊ पडते. जोराने फेकताच त्याचे पंख लवतात. जरा जड, कडक कागद हातातला वेग जास्त काळ टिकवतो.

26 फेब्रुवारी 2012 रोजी कॅलिफोर्नियात जॉन कॉलिन्स यांनी रचलेले रुंद पंखांचे, तरंगत जाणारे विमान अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू जो अयूब याने फेकले. ते 69.14 मीटर गेले. 2 डिसेंबर 2022 रोजी इंडियाना राज्यातील क्राउन पॉइंट येथे डिलन रुबल, गॅरेट जेन्सन आणि नॅथॅनिएल एरिक्सन यांच्या विमानाने 88.318 मीटरचा पल्ला गाठला. रुबल आणि जेन्सन हे बोइंगमधील अभियंते. त्यांनी ध्वनीपेक्षा अनेकपट वेगाने जाणाऱ्या विमानांचा आकार डोळ्यापुढे ठेवला होता. कागद ए-4 आकाराचा होता, फेक जमिनीशी सुमारे 40 अंशांची. एका विमानाच्या घड्या घालायलाच 20 मिनिटांहून जास्त वेळ लागे.