डोमिसाइल

डोमिसाइल : इंग्रजीतून आलेली कायद्याची संज्ञा, मराठीत ‘अधिवास’. विदर्भातल्या खेड्यांत हा शब्द ओळखला जातो तो एका कागदामुळे. तहसील कार्यालयातून मिळणाऱ्या ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्रा’ला कोणी एवढ्या लांब नावाने हाक मारत नाही. बारावीचा निकाल लागला की ‘डोमिसाइल काढलं का?’ अशी चौकशी सुरू होते आणि सेतू केंद्रापुढे गर्दी वाढते.

कायद्यात अधिवास म्हणजे वास्तव्य आणि तिथेच कायम राहण्याचा इरादा, दोन्ही मिळून. त्यामुळे मिरची तोडायला हंगामापुरता तेलंगणात गेलेला गडचिरोलीचा मजूर तिथला होत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 5 मध्ये अधिवास आहे तो भारताच्या राज्यक्षेत्रातला. राज्याराज्यांचे वेगळे अधिवास नसतात, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रदीप जैन खटल्यात 1984 मध्ये म्हटले आणि जानेवारी 2025 मध्ये पुन्हा सांगितले. तरीही ‘महाराष्ट्राचे डोमिसाइल’ हा प्रयोग सरकारी जाहिरातींतून हटलेला नाही, हटेल असे वाटतही नाही.

प्रमाणपत्रासाठी साधारणपणे राज्यातले 15 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. टीसी, शाळेचा दाखल-खारीज उतारा, रेशन कार्ड, तलाठ्याचा दाखला असे कागद जोडतात. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला वेगळा. तो आज कुठे राहता एवढेच सांगतो. दोन्हींची गल्लत झाली की तहसीलची एक चक्कर वाया जाते. जातीच्या दाखल्याचा हिशेब आणखी निराळा: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे वास्तव्य पाहतात. विदर्भ 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होता, त्यामुळे आजोबांचा पुरावा त्या राजवटीतल्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत शोधावा लागतो.

सर्वांत जास्त अडचण सीमेवरच्या सुनांची. गोंदियाकडच्या गावांत बालाघाटच्या मुली पिढ्यान्‌पिढ्या नांदायला येतात. त्यांचा जन्माचा आणि शाळेचा कागद मात्र पलीकडच्या राज्याचा. 2024 मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेत आधी अधिवास प्रमाणपत्र मागितले गेले. काही दिवसांतच 15 वर्षांपूर्वीचे रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला यांपैकी एक चालेल असे ठरले, आणि परराज्यात जन्मलेल्या विवाहितेसाठी नवऱ्याचे कागद ग्राह्य धरले गेले. योग्यच झाले, पण हीच सवलत सगळ्या कामांना लागू नाही.

जंगलपट्ट्यात राहण्याची कसोटी याहून कडक आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासी नसलेल्या वननिवासींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. मात्र तिथे कागदच हवा असा हट्ट नाही; दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून चालते.