४२९४९६७२९७ (संख्या)

४,२९,४९,६७,२९७ (चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव) ही २ च्या ३२ व्या घातात १ मिळवून येणारी दहा अंकी विषम संख्या आहे. ६४१ आणि ६७,००,४१७ हे तिचे दोन मूळ अवयव. २ चा घात दर वेळी दुप्पट करत (१, २, ४, ८...) त्यात १ मिळवून येणाऱ्या संख्यांना फर्मा संख्या म्हणतात; शून्यापासून मोजल्यास ही पाचवी ठरते.

२ चा १ ला, २ रा, ४ था, ८ वा, १६ वा घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात. या पाचही मूळ संख्या आहेत. त्यावरून फ्रेंच गणिती पिएर द फर्मा याने १६४० च्या सुमारास अंदाज बांधला की या मालिकेतील प्रत्येक संख्या मूळच असणार. सिद्धता मात्र त्याच्याकडे नव्हती. गणिती गोल्डबाखने १७२९ मध्ये पत्र लिहून स्विस गणिती ऑयलरचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले आणि १७३२ मध्ये ऑयलरने ६४१ हा अवयव दाखवून दिला. अंदाज पहिल्याच न तपासलेल्या संख्येवर कोसळला.

पुढे ऑयलरने सिद्ध केले की या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१ : पाचव्या भागाकारातच काम होते. याच जातीच्या युक्तीने फर्माने २ च्या ३७ व्या घातातून १ वजा करून येणाऱ्या संख्येचा २२३ हा अवयव शोधला होता. तरी इथे त्याच्या हातून ६४१ निसटावा, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

६४१ ने भाग जातो हे लांबलचक भागाकार न करताही पटते, आणि ही सिद्धता फार देखणी आहे. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १; तसेच ६४१ म्हणजे ६२५ + १६. पहिल्या मांडणीनुसार ५ × १२८ ला ६४१ ने भागल्यावर बाकी −१ धरता येते, कारण ती संख्या ६४१ पेक्षा १ ने कमी आहे. १२८ हा २ चा ७ वा घात असल्याने, चौथा घात केला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, याची बाकी १ होते. दुसऱ्या मांडणीमुळे ६२५ च्या जागी −१६ चालतो. आणि १६ गुणिले २ चा २८ वा घात म्हणजे २ चा ३२ वा घात. त्याची बाकी −१ आली. त्यात १ मिळवला की बाकी शून्य.

आधीच्या पाच फर्मा संख्यांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे या संख्येपेक्षा बरोबर २ ने कमी. जर्मन गणिती गाउसने १७९६ मध्ये सुसम (सर्व बाजू व कोन समान असलेला) सतराकोन पट्टी-कंपासने काढता येतो हे दाखवले, तेव्हा भूमितीतही फर्मा संख्यांना महत्त्व आले. बाजूंची संख्या विषम असून असा काढता येणारा, आजवर माहीत असलेला सर्वांत मोठा सुसम बहुभुज ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचाच आहे. ६५,५३७ नंतर एकही मूळ फर्मा संख्या अद्याप सापडलेली नाही.