टीव्ही जाहिरातीतली बाई: ललिताजींपासून 2022 च्या नियमांपर्यंत

टीव्हीच्या जाहिरातींत बायका कमी दिसतात, ही तक्रार आपल्याकडे टिकणारी नाही. युनिसेफ आणि माध्यमांतल्या स्त्री-चित्रणाचा अभ्यास करणारी गीना डेव्हिस इन्स्टिट्यूट यांनी 2019 मधल्या हजाराहून जास्त भारतीय जाहिराती तपासल्या. 2021 च्या त्यांच्या अहवालानुसार पडद्यावरचा जवळपास 60 टक्के वेळ आणि बोलण्याचा सुमारे 56 टक्के वेळ स्त्रियांना मिळाला होता. घोडं अडतं ते त्या काय विकतात यावर. धुण्याभांड्यांचे साबण, खाण्याचे पदार्थ आणि चेहऱ्याला लावायच्या गोष्टी यांतच त्यांची बहुतेक वर्दळ आहे. असं का झालं, हे कळायला जाहिरातदार गिऱ्हाईक कसं मोजत आला ते पाहावं लागतं.

दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या 1976 साली आणि चित्र रंगीत झालं 1982 मध्ये. त्याच सुमारास धुण्याच्या पावडरीची लढाई पेटली होती. निरमा सर्फच्या साधारण एक तृतीयांश भावात मिळत होती. सर्फ बनवणाऱ्या हिंदुस्थान लिव्हरला महाग पावडर का घ्यावी हे पटवायचं होतं आणि लिंटास या जाहिरात एजन्सीच्या अलेक पदमसींनी त्यासाठी ललिताजी उभी केली. कविता चौधरींची ही बाई भाजी निवडून घेते, घासाघीस करते आणि पडद्यामागून प्रश्न विचारणाऱ्या पुरुषाला हिशोब समजावते: अर्धा किलो सर्फ म्हणजे स्वस्तातली एक किलो पावडर. ती कोणाची परवानगी मागत नाही, लाजत नाही, नवऱ्याच्या शर्टाकडे बघून विरघळतही नाही. आजही ती जाहिरात पाहताना तिचा ठामपणा उठून दिसतो. पण तिची सगळी अक्कल खर्ची पडते ती शेवटी धुण्याच्या पावडरीवरच. पुढच्या चाळीस वर्षांची चौकट तिथेच आखली गेली, असं आमचं मत आहे.

ही चौकट घट्ट कशामुळे झाली, याचं उत्तर बाजार संशोधनाच्या फॉर्ममध्ये सापडतं. 1980 च्या दशकात कुटुंबांची सामाजिक-आर्थिक वर्गवारी सुरू झाली. तिच्यात घराचा वर्ग ठरायचा मुख्य कमावत्या माणसाच्या शिक्षणावर आणि व्यवसायावर, पण साबण-तेलाचे प्रश्न विचारले जायचे गृहिणीला. म्हणजे वर्ग नवऱ्याचा आणि पिशवी बायकोची. जाहिरात कुणासाठी हे सांगणाऱ्या, एजन्सीला मिळणाऱ्या ब्रीफमध्येही मग ‘गृहिणी, वय अमुक ते तमुक, वर्ग अ आणि ब’ असंच यायचं. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळी करणारी किंवा बाजार समितीत लिलावाला बसणारी बाई या रकान्यात मावतच नव्हती. 2011 ला नवी पद्धत आली. तिच्यात कमावत्याचं शिक्षण आणि घरात अकरा ठराविक वस्तूंपैकी किती आहेत, हे पाहायचं ठरलं. व्यवसाय गेला, पण ‘कमावता’ जागच्या जागीच राहिला.

गोरेपणाच्या क्रीमचा इतिहास जास्त कटू आहे. फेअर अँड लव्हली बाजारात आली 1975 मध्ये. तिच्या बहुतेक जाहिरातींचा साचा एकच होता: सावळी मुलगी खट्टू, क्रीम लावते, गोरी होते आणि नोकरी किंवा स्थळ चालून येतं. एका जाहिरातीत बाप ‘मुलगा असता तर’ म्हणून हळहळतो आणि मुलगी गोरी होऊन हवाईसुंदरी बनते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रारी लावून धरल्या आणि 2003 मध्ये ही जाहिरात बंद झाली. तरी साचा मोडायला 2014 उजाडलं. त्या वर्षी एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने नियम केला, की सावळी व्यक्ती दुःखी किंवा लग्न-नोकरीत मागे पडलेली दाखवायची नाही. लगेच जाहिरातींच्या संहितांमध्ये ‘निखार’ आणि ‘ग्लो’ हे शब्द वाढले. 2020 मध्ये कंपनीने नावातून ‘फेअर’ काढलं. मधल्या काळात, 2005 पासून, पुरुषांसाठीही गोरेपणाची क्रीम आली, ती समतेची अशी एक तऱ्हा!

कायदा नव्हता असं नाही. 1986 चा स्त्रियांच्या असभ्य प्रदर्शनाविरुद्धचा कायदा आहे, पण त्याची नजर देहावर आहे: आकृती, शरीर, अवयव. सभ्य साडीतली बाई दिवसभर फरशी पुसताना दाखवली, तर त्याला काही हरकत नाही. भूमिकेबद्दल बोलतात ते 1994 चे केबल टीव्हीचे नियम. त्यांतल्या सातव्या नियमात साफ लिहिलंय, की स्त्री निष्क्रिय आणि आज्ञाधारक असल्याचं ठसवून तिला घरात व समाजात दुय्यम भूमिकेकडे ढकलणारं चित्रण जाहिरातीत चालणार नाही. हे वाक्य काटेकोर लावलं असतं, तर तेव्हाच्या दुपारच्या निम्म्या जाहिराती उतरवाव्या लागल्या असत्या. ते कागदावरच राहिलं, कारण ‘दुय्यम’ कशाला म्हणायचं याची मोजपट्टीच कुणाकडे नव्हती.

ती बऱ्याच अंशी मिळाली जून 2022 मध्ये, एएससीआयच्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांमुळे. बाई घर झाडताना दाखवायला हरकत नाही, मात्र ते काम फक्त बाईचंच आहे असं सुचवायचं नाही. बाई असल्यामुळे गाडी पार्क करता आली नाही किंवा पुरुष असल्यामुळे बाळाचं लंगोट बदलता आलं नाही, असे विनोद बाद. शरीर साच्यात बसत नाही म्हणून अपयश आलं, असंही दाखवता येत नाही.

त्याआधी बदल झाले ते सुटे सुटे. 2013 मध्ये तनिष्कने लहान मुलीसह पुनर्विवाह करणारी सावळी वधू दाखवली. 2015 मध्ये एरियलने ‘धुणं फक्त बाईचंच का’ असं विचारलं. 2021 मध्ये कॅडबरीने 1994 ची क्रिकेटची जाहिरात उलटी केली, म्हणजे बाई खेळली आणि पुरुष मैदानात नाचला. यातला एक व्यवहार प्रेक्षकाला दिसत नाही. टीव्हीवरची वेळ दहा सेकंदांच्या हिशोबाने विकली जाते. नाव होतं लांब फिल्मचं, पण रोज वाजते तिची दहा-वीस सेकंदांची कापलेली आवृत्ती. कापताना डाग, पाकीट आणि स्वच्छ कपडा एवढं ठेवावंच लागतं. नवऱ्याने बादली उचलल्याचा शॉट आधी उडतो.

नाशिकच्या स्थानिक केबल वाहिन्यांवरच्या जाहिरातींची गत वेगळी. गंगापूर रोड, पाथर्डी फाट्याच्या फ्लॅट योजनांचा साचा ठरलेला: तो बाल्कनीत फोनवर, ती ओट्याशी, आणि किमतीचं वाक्य पुरुषी व्हॉइसओव्हरमध्ये. सराफ बाजारातल्या पेढ्या आणि येवल्याची पैठणी यांत बाई केंद्रस्थानी असते, पण बहुधा नवरी म्हणून. इथे बदल स्वस्तात होतो. व्हॉइसओव्हर आणि किमतीचा संवाद बाईला दिला, तर चित्रीकरण पुन्हा करावं लागत नाही.

तक्रार करायची तर आधी दोन वेळा पाहा, एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून. हाताने काम कोण करतंय आणि शेवटचं, शहाणपणाचं वाक्य कोण बोलतंय, हे वेगवेगळं लिहा. वाहिनी, तारीख, वेळ, उत्पादन आणि भाषा नोंदवा. मराठी डब वेगळा असू शकतो, म्हणून हिंदीची क्लिप जोडली तर घोळ होतो. एएससीआयकडे सामान्य ग्राहकाला फी नाही, पण मालिकेबद्दल लिहिलंत तर ते परत येईल, कारण तिथे फक्त जाहिराती पाहतात. नुसतं ‘आवडली नाही’ लिहू नका. कोणतं दृश्य कोणत्या तत्त्वात बसत नाही ते सांगा. स्थानिक वाहिनीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय देखरेख समितीकडे अर्ज द्यायचा. या समितीच्या रचनेत महिला महाविद्यालयाच्या प्राचार्यांना जागा ठेवलेली आहे. केबल कायद्याखाली अधिकृत अधिकारी म्हणून पोलिस आयुक्तही येतात, त्यामुळे नाशिक शहरापुरती अर्जाची एक प्रत त्यांच्या कार्यालयातही द्यावी आणि पोचपावती घ्यावी.