ट्रान्सफर फी आणि रेटमधलं मार्जिन: बँक तुमचे पैसे नेमके कुठून कापते

परदेशात राहणाऱ्या कुणालाही विचारा की बाहेर पैसे पाठवायला तुमची बँक किती घेते, उत्तर पटकन येतं, "पंधरा डॉलर" किंवा "माझी बँक काहीच घेत नाही, झीरो फी आहे". आणि तो माणूस खोटं बोलत नसतो, स्क्रीनवर जे दिसलं तेच सांगत असतो. फक्त गडबड ही की स्क्रीनवर ठळक अक्षरात दिसते ती फी, आणि बँकेची मोठी कमाई बऱ्याचदा त्याच्या खालच्या ओळीत, एक्स्चेंज रेटमध्ये गुपचूप बसलेली असते. तुम्ही पाठवलेले आणि पलीकडे पोचलेले यात फरक पडला की लोक म्हणतात "चार्जेस लागले", पण कुठले लागले, कुणी घेतले, हे विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. म्हणून दोन्ही एकदा शेजारी शेजारी ठेवून बघूया.

फी समजायला सोपी आहे. ट्रान्सफर करून देण्याचे पैसे, वेगळी ओळ, वेगळा आकडा, स्टेटमेंटमध्ये वेगळी एंट्री. बऱ्याच ठिकाणी ती फिक्स असते, म्हणजे १०० पाठवा नाहीतर १०,००० पाठवा, फी तीच, काही ठिकाणी स्लॅब असतात. ऑनलाइन केलं तर कमी, शाखेत जाऊन फॉर्म भरला तर जास्त, असाही प्रकार असतो. फीबद्दल याहून जास्त काही नाही.

मार्जिनचं तसं नाही. कुठल्याही दोन चलनांचा मोठ्या बाजारात, म्हणजे बँका आपसात व्यवहार करतात तिथे, एक घ्यायचा भाव असतो आणि एक विकायचा. समजा एका डॉलरला ०.८९९० युरो आणि ०.९०१० युरो असे दोन भाव चाललेत, तर त्यांचा मध्य ०.९०००, याला मिड-मार्केट रेट म्हणतात आणि गुगलवर किंवा करन्सी कन्व्हर्टरवर तुम्हाला साधारण हाच दिसतो. आता बँक तुम्हाला हा रेट देत नाही. ती देते समजा ०.८७७५. मधला जो फरक आहे ०.०२२५, तो मिड-मार्केटच्या २.५ टक्के झाला, आणि हे झालं बँकेचं मार्जिन. १,००० डॉलर पाठवले तर ९०० युरोऐवजी ८७७.५० युरो मिळणार, साडेबावीस युरो गेले, म्हणजे २५ डॉलर. याची कुठेही वेगळी एंट्री पडत नाही, स्टेटमेंटमध्ये शोधून सापडणार नाही, कारण कापलं असं काही झालंच नाही ना, तुम्हाला रेटच तो दिला.

(हे बेकायदेशीर वगैरे काही नाही. रेट सांगितला, तुम्ही ओके दाबलं, विषय संपला.)

आता खरी मजा दोन बँका शेजारी ठेवल्यावर येते. एक बँक २५ डॉलर फी लावते पण मार्जिन फक्त अर्धा टक्का ठेवते, दुसरी फी शून्य आणि मार्जिन अडीच टक्के. कुठली स्वस्त? बरेच लोक लगेच म्हणतील पहिली, कारण झीरो फी म्हणजे फसवणूक हे आता सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. पण आकडे मांडा. ५०० डॉलर पाठवायचे असतील तर पहिलीत २५ अधिक अडीच म्हणजे साडेसत्तावीस डॉलर जातात, दुसरीत फक्त साडेबारा. झीरो फीवाली निम्म्याहून स्वस्त पडली! १०,००० पाठवायचे असतील तर पहिलीत २५ अधिक ५०, एकूण ७५, आणि दुसरीत तब्बल २५०. म्हणजे फी ही छोट्या रकमेला मारते आणि मार्जिन मोठ्या रकमेला मारतं, आणि मधे कुठेतरी एक आकडा असतो जिथे दोन्ही सारखेच पडतात. तो काढायला फीमधला फरक भागिले मार्जिनमधला फरक, बास. इथे २५ भागिले २ टक्के, १,२५० डॉलर. त्याच्या खाली असाल तर झीरो फी घ्या, वर असाल तर फी भरा. त्यामुळे "अमुक बँक स्वस्त आहे" असं रक्कम न विचारता जो सांगतो त्याचा सल्ला बाजूला ठेवलेला बरा.

याचंच दुसरं टोक, दर महिन्याला थोडे थोडे पाठवण्यापेक्षा तीन महिन्यांचे एकदम पाठवा असं जे सांगतात ते फक्त फीच्या बाबतीत खरं आहे. मार्जिन टक्क्यात असतं, एकदम पाठवा नाहीतर तुकड्यांनी, तेवढंच जाणार. आणि ते लोक तर मला कळतच नाहीत जे आठवडाभर रेटकडे डोळे लावून बसतात की जरा वर जाऊ दे मग पाठवू, बाजार बऱ्याचदा टक्काभरही हलत नाही आणि बँक घेत असते अडीच टक्के, तिकडे कुणाचं लक्षच नाही.

मार्जिन स्वतः काढायचं तर ट्रान्सफरच्या स्क्रीनवरचा रेट आणि त्याच मिनिटाचा मिड-मार्केट रेट, दोन्ही लिहून घ्या, फरक काढा, मिड-मार्केटने भागा, शंभरने गुणा. कालचा रेट घेऊन उपयोग नाही. शनिवार-रविवारी पण नीट मोजता येत नाही कारण चलनाचा मोठा बाजार तेव्हा बंद असतो आणि काही ठिकाणी तर त्या दोन दिवसांत मार्जिन वाढवून ठेवतात, सोमवारी बाजार कुठे उघडेल याची रिस्क नको म्हणून. अजून एक गोष्ट बघा, तुम्हाला दाखवलेला रेट पक्का आहे की नुसता अंदाजे. काही बँका फॉर्म भरताना एक रेट दाखवतात आणि बारीक अक्षरात लिहितात की प्रोसेसिंगच्या वेळचा रेट लागू होईल, म्हणजे तुम्ही ओके दाबलं तेव्हा तुम्हाला मार्जिन माहीतच नव्हतं.

आता यात तिसरा माणूस येतो आणि गोंधळ अजून वाढतो. तुमच्या बँकेचं आणि पलीकडच्या बँकेचं थेट खातं नसेल तर पैसे मधल्या एक-दोन बँकांमधून जातात आणि त्या मधल्या बँका आपापले पैसे कापून घेतात. लोक याला "स्विफ्ट चार्ज" म्हणतात, पण स्विफ्ट ही १९७३ साली बेल्जियममध्ये सुरू झालेली बँकांची मेसेज पाठवायची संस्था आहे, ती पैसे हलवत नाही, पैसे कुणाच्या खात्यातून कुणाच्या खात्यात टाकायचे हा निरोप हलवते. कापतात त्या बँका. आणि हे कापणं म्हणजे फीच आहे, मार्जिन नाही, फक्त ती तुमच्या खात्यातून वेगळी न जाता वाटेतच मूळ रकमेतून जाते.

फॉर्मवर तीन पर्याय असतात ना, ओयूआर, एसएचए आणि बीईएन, ते यासाठीच. ओयूआर म्हणजे सगळ्या बँकांचे चार्ज पाठवणारा भरणार, एसएचए म्हणजे आपल्या बँकेचे आपण आणि पुढचे घेणाऱ्याच्या पैशातून, बीईएन म्हणजे सगळेच घेणाऱ्याच्या पैशातून. कॉलेजची फी किंवा घराचं डिपॉझिट, जिथे एक डॉलर कमी पोचला तरी समोरचा पेमेंट अर्धवट धरतो, तिथे ओयूआर घ्यावं, बाकी घरच्या खात्यात पाठवायला एसएचए चालतं. पण इथेच लोक अडकतात, कारण ओयूआर घेतलं म्हणजे सगळा खर्च आपण भरला, आता पलीकडे पूर्ण पैसे पोचणार असं वाटतं. ओयूआरचा रेटशी काडीचाही संबंध नाही! तुम्ही ओयूआर टाकून १,००० डॉलर डॉलरमध्येच पाठवले आणि समोरचं खातं युरोचं असेल तर पूर्ण १,००० डॉलर त्या बँकेपर्यंत पोचतील आणि मग ती बँक आपल्या रेटने त्याचे युरो करेल, आपलं मार्जिन लावून, आणि तो रेट तुम्हाला पाठवताना दिसणारच नाही. पैसे कुठल्या चलनात पाठवायचे हा प्रश्न म्हणजे खरं तर मार्जिन कुठल्या बँकेला द्यायचं हा प्रश्न आहे. पाठवतानाच कन्व्हर्ट केलं तर निदान रेट डोळ्यासमोर असतो, म्हणून साधारणपणे तेच बरं, पण घेणाऱ्या बँकेचा बाहेरून आलेल्या पैशांचा रेट चांगला असेल तर उलटंही परवडतं, एकदा विचारून घ्यावं.

पैसे कमी पोचले तर वाद घालण्याआधी घेणाऱ्याच्या बँकेकडे आलेल्या पेमेंटच्या मेसेजची कॉपी मागा. जुनी मंडळी याला एमटी१०३ म्हणतात, स्विफ्टच्या जुन्या मेसेजचं ते नाव. आता बँकांमधले मेसेज आयएसओ २००२२ नावाच्या नव्या फॉरमॅटमध्ये जातात, तरी बऱ्याच बँका अजून ग्राहकाला जुन्या नावाने कॉपी देतात. त्यात फिल्ड ३३बी मध्ये तुम्ही पाठवायला सांगितलेली रक्कम असते आणि ३२ए मध्ये बँका-बँकांमध्ये प्रत्यक्षात सेटल झालेली. ७१ए मध्ये तो ओयूआर-एसएचएचा पर्याय, ७१एफ मध्ये वाटेत कुणी किती कापले, आणि ३६ मध्ये एक्स्चेंज रेट, चलन बदललं असेल तर. समजा ३३बी मध्ये १,००० डॉलर, ७१एफ मध्ये १५ डॉलर आणि ३२ए मध्ये ९८५ डॉलर दिसले, तर ते १५ फीचे, मधल्या बँकेचे. आणि घरच्यांच्या खात्यात मात्र ९८५ डॉलरच्या हिशोबापेक्षाही कमी युरो जमा झाले असतील तर तो उरलेला फरक शेवटच्या बँकेचा, तिचा रेट किंवा बाहेरून आलेले पैसे जमा करायची तिची इनवर्ड फी, आणि ते तिथेच जाऊन विचारावं लागतं. तुमच्या बँकेच्या कस्टमर केअरला शिव्या घालून उपयोग नाही, त्यांना ते दिसतच नाही.

दोन्हीतला फरक सगळ्यात जास्त कधी टोचतो माहितीये? पेमेंट परत आलं की. अकाउंट नंबर चुकला, नाव जुळलं नाही, पैसे परत. फी परत मिळत नाही हे लोकांना माहीत असतं, २५ डॉलर गेले म्हणून सोडून देतात. पण पैसे युरो होऊन गेलेले असतील तर परत येताना त्यांचे पुन्हा डॉलर होतात आणि मार्जिन दुसऱ्यांदा लागतं. वरच्याच उदाहरणात १,००० डॉलरचे ८७७.५० युरो झाले, आता उलट्या बाजूला बँक एक डॉलर ०.९२२५ युरोला विकणार, म्हणजे परत आले साधारण ९५१ डॉलर. बाजार जागचा हलला नाही, पैसे कुठे पोचले नाहीत, तरी ४९ डॉलर गेले, फी वेगळीच.

नियम काय म्हणतात तर अमेरिकेत ऑक्टोबर २०१३ पासून रेमिटन्सचा नियम आहे, बाहेर पैसे पाठवणाऱ्या साध्या ग्राहकाला आधीच फी, रेट आणि पलीकडे किती मिळतील ते दाखवावं लागतं, आणि साधारणपणे ३० मिनिटांच्या आत कॅन्सल करता येतं. चांगला नियम आहे, पण त्यात रेट दाखवायचा आहे, तो मिड-मार्केटपेक्षा किती खाली आहे ते सांगायची सक्ती नाही. युरोपियन युनियनमध्ये डिसेंबर २०१९ पासून एका देशातून दुसऱ्या देशात युरो पाठवायला देशातल्या देशात लागते तेवढीच फी घ्यावी लागते, आणि युरोतून युरोत जाताना मार्जिनचा प्रश्नच नाही. चलन बदललं की मात्र परत रेट आलाच. थोडक्यात फीवर लगाम लावणं सरकारांना जमतं, रेटवर अवघड जातं. वर्ल्ड बँक जगभरातल्या या खर्चाचे आकडे काढते तेव्हा फी आणि मार्जिन दोन्ही धरते, आणि २०० डॉलर पाठवायचा सरासरी खर्च गेली काही वर्षं ६ टक्क्यांच्या वरच आहे, त्यात बँका सगळ्यात महाग. संयुक्त राष्ट्रांचं टार्गेट आहे २०३० पर्यंत ३ टक्क्यांच्या खाली आणायचं.

मोठी रक्कम पाठवायची असेल, घर विकल्याचे वगैरे पैसे, तर रिलेशनशिप मॅनेजरला फोन करा. तो आनंदाने म्हणेल, "सर, तुमची फी माफ करून टाकतो", कारण ते त्याच्या हातात असतं आणि बँकेला त्याने फारसा फरक पडत नाही. त्याला सांगा फी राहू दे, ट्रेझरीकडून, म्हणजे बँकेत चलनाचे रेट बघणाऱ्या विभागाकडून, स्पेशल रेट मागून दे. २०,००० डॉलरवर फीमाफीने वाचतील २५, आणि रेट नुसता अर्धा टक्का सुधारला तरी १०० डॉलर. पहिल्या फोनला तो "रेट आमच्या हातात नसतो" म्हणेल, मग दुसऱ्या बँकेचा त्याच वेळचा रेट त्याला वाचून दाखवा.