अलिझेचा दहावा हिस्सा

गोव्यातील बोगमाळो येथील नौदलाच्या हवाई संग्रहालयाच्या आवारात ‘अलिझे’ जातीचे एक विमान उभे आहे. फ्रान्समध्ये बनलेली ही विमाने १९६१ पासून ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावर होती. पाणबुड्यांचा माग काढणे हे त्यांचे मुख्य काम होते, आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ती निवृत्त झाली. दुमडणारे पंख, समोर एकच मोठा पंखा, आणि पंखांखालचे ते दोन फुगीर कप्पे, ज्यांत चाकेही मावत आणि पाण्यात टाकायची ध्वनियंत्रेही. हे रूप पाहून एखाद्या हौशी माणसाला त्याची उडणारी प्रतिकृती करावीशी वाटणे स्वाभाविक आहे. मात्र मोजपट्टी घेऊन प्रत्येक माप दहाने भागले आणि त्याबरहुकूम विमान बांधले, तर ते दिसायला हुबेहूब होईल, पण उडवणे जवळजवळ अशक्य ठरेल. लहान विमान ही मोठ्या विमानाची केवळ छोटी आवृत्ती नसते; या छंदातील बहुतेक कौशल्य आणि बहुतेक आनंद याच एका गोष्टीभोवती फिरतो.

आकडे घेऊन पाहू. अलिझेच्या पंखांचा विस्तार १५.६ मीटर, त्यांचे क्षेत्रफळ ३६ चौरस मीटर आणि उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ८,२०० किलो. लांबी दहापट कमी केली की क्षेत्रफळ शंभरपट घटते आणि वजन हजारपट. म्हणजे विस्तार १.५६ मीटर, क्षेत्रफळ ०.३६ चौरस मीटर आणि वजन ८.२ किलो. मूळ विमानात पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २२८ किलो भार येतो, प्रतिकृतीत २३ किलोच्या आसपास. भार दहापट हलका झाला, मग अडचण कुठे आहे? अडचण वेगात आहे. विमान हवेत टिकून राहण्यासाठी जो किमान वेग लागतो, तो या भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. भार दहाने कमी झाला तरी वेग जेमतेम सव्वातीन पटींनीच उतरतो, आणि विमान मात्र दहापट लहान झालेले असते. गोव्याच्या उष्ण, दमट हवेत या ८.२ किलोच्या प्रतिकृतीला ताशी ६८ किलोमीटरच्या आसपास वेग राखावाच लागेल. त्याहून हळू गेल्यास पंखावरील हवेचा प्रवाह पृष्ठभाग सोडून देईल आणि विमान कोसळेल; यालाच ‘स्टॉल’ म्हणतात. त्या वेगाने उतरणारे विमान अर्ध्या सेकंदात नऊ मीटरहून पुढे गेलेले असते, आणि जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला आधी पाहून मग हात हलवायचा असतो.

तेच विमान २.२ किलोत बांधता आले तर हा किमान वेग ताशी ३५ किलोमीटरवर येतो. म्हणून प्रतिकृती करणारा कारागीर गणिताने येणाऱ्या वजनाच्या चौथ्या हिश्शात काम उरकण्याची धडपड करतो. सुताराला मजबुतीचा अभिमान असतो; येथे मात्र प्रत्येक लाकडी फासळीला भोके पाडून तिचे वजन कमी करण्यात शहाणपण आहे.

दुसरी अडचण हवेच्या स्वभावातच आहे. हवेला वजन आहे आणि थोडा चिकटपणाही आहे, ज्याला शास्त्रीय परिभाषेत श्यानता म्हणतात. या दोहोंपैकी कोणाचा प्रभाव अधिक, हे सांगणारी संख्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांच्या नावाने ओळखली जाते. नळीतून वाहणाऱ्या पाण्यावरचे त्यांचे प्रसिद्ध प्रयोग १८८३ चे. पंखाची रुंदी गुणिले वेग गुणिले हवेची घनता, भागिले तिची श्यानता, एवढेच ते गणित. खऱ्या अलिझेचा पंख सरासरी २.३ मीटर रुंद आहे. त्याने ताशी २४० किलोमीटर वेग धरला तर ही संख्या एक कोटीच्या आसपास येते. प्रतिकृतीच्या २३ सेंटिमीटर रुंद पंखासाठी ती दोन लाखांच्या घरात राहते. म्हणजेच लहान पंखाला तीच हवा पन्नासपट अधिक चिकट वाटते. अशा प्रवाहाचा पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला लागून असलेला थर संथपणे सरकतो, लवकर दमतो आणि पाठीच्या मध्यावरच पृष्ठभागापासून सुटतो. मोठ्या विमानाचा पंखछेद, म्हणजे पंखाच्या आडव्या कापाचा आकार, जसाच्या तसा उचलला तर लहान विमानात तो वर उचलणारे बल कमी देतो आणि हवेचा अडथळा अधिक निर्माण करतो. यावरचा एक जुना उपाय फार सुंदर आहे: पंखाच्या पुढच्या कडेजवळ, वरच्या बाजूला, बारीक दोरा किंवा चिकटपट्टीची अरुंद पट्टी लावायची. तो संथ थर तिथे खळबळतो, बाहेरच्या वेगवान हवेतून ऊर्जा घेतो आणि पृष्ठभागाला अधिक काळ धरून राहतो. गुळगुळीतपणा नेहमी हिताचाच असतो, ही आपली समजूत येथे खोटी ठरते.

शेपटीचा आकारही वाढवावा लागतो. हौशी कारागीर आडवी शेपूट मूळ प्रमाणापेक्षा दहा ते वीस टक्के मोठी करतात, आणि ते पाहणाऱ्याच्या सहसा लक्षातही येत नाही. या शेपटीचे मर्म उडत्या रूपात दाखवले ते आल्फोन्स पेनो या तरुण फ्रेंच माणसाने. १८७१ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या त्विलरी उद्यानात त्याने पिळलेल्या रबराच्या जोरावर चालणारे, जेमतेम ४५ सेंटिमीटर विस्ताराचे विमान सोडले. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले, आणि तेही कोणी हाताळत नसताना स्थिर राहून. मागची छोटी शेपूट त्याने मुख्य पंखापेक्षा किंचित कमी कोनात बसवली होती, त्यामुळे नाक वर गेले की शेपूट ते खाली आणी आणि नाक खाली गेले की वर. पेनोच्याच कल्पनेवर बनलेले एक रबरी खेळणे वडिलांनी १८७८ मध्ये घरी आणले होते, असे राईट बंधूंनी पुढे सांगितले आहे. प्रतिकृतीला पोरखेळ समजणाऱ्यांनी हा इतिहास अवश्य आठवावा.

शेपटीचे काम नीट चालायचे असेल तर विमानाचा तोल योग्य जागी हवा. सर्वसाधारण रचनेत गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्के अंतरावर ठेवतात. पंखाखाली त्या रेषेवर दोन बोटे लावून उचलले की विमान आडवे राहिले पाहिजे. विमानात फेरफार करणारे लोक येथेच सर्वाधिक घसरतात. समजा, एक किलोच्या विमानात पहिल्यापेक्षा ५० ग्रॅमने जड मोटर बसवली आणि ती गुरुत्वमध्याच्या ३० सेंटिमीटर पुढे आहे. एवढ्यानेच तोल जवळजवळ दीड सेंटिमीटर पुढे सरकतो, आणि पंख २० सेंटिमीटर रुंद असेल तर हा फरक सात टक्क्यांचा होतो. शक्ती वाढली आणि विमान मात्र उतरताना नाकावर आपटू लागले, याचे कारण बहुधा हेच असते. माझ्या मते मोटर बदलण्यापूर्वी बॅटरी किती मागे सरकू शकते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

पंख्याची निवड हा तर स्वतंत्र विषय आहे. पंख्यावर ‘१० × ४.५’ असे लिहिलेले असते: व्यास दहा इंच, आणि एका फेऱ्यात तो स्क्रूसारखा साडेचार इंच पुढे जाईल असा त्याचा पीळ. मिनिटाला ८,००० फेरे घेतले तर हे अंतर सेकंदाला सुमारे १५ मीटर, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर भरते. ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास स्टॉल होणाऱ्या विमानाला हे पुरेसे आहे, पण आपल्या ८.२ किलोच्या हुबेहूब प्रतिकृतीला एवढ्या फेऱ्यांत या पंख्याने हवेत टिकवणे शक्यच नाही.

सामग्रीच्या बाबतीत गोव्याचे हवामान आपले म्हणणे मांडल्याशिवाय राहत नाही. बाल्सा हे पारंपरिक लाकूड अत्यंत हलके असते, एका घनमीटरला साधारण १६० किलो. पण दमट हवेत ते ओलावा शोषते, आणि दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा एका बाजूने ओला व दुसऱ्या बाजूने कोरडा झाला की पीळ खातो. पीळ पडलेला पंख विमानाला सतत एका कुशीवर ढकलत राहतो. मृगापासून चतुर्थीपर्यंतचा काळ उडवण्याचा नव्हे, बांधण्याचाच असतो, त्यामुळे हा प्रश्न येथे टाळता येत नाही. लाकूड बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे, पंखाचा सांगाडा सपाट फळीवर टाचण्यांनी दाबूनच चिकटवावा, आणि सांगाडा पूर्ण सुकल्यावरच त्यावर इस्त्रीने ताणली जाणारी फिल्म चढवावी. नवशिक्याने मात्र सनबोर्ड किंवा फोमपासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. फोम पाणी पीत नाही, स्वस्त असतो, आणि मोडल्यावर त्याच संध्याकाळी जोडता येतो. फक्त फेविक्विकसारखा गोंद थर्माकोलला वितळवतो, म्हणून तेथे इपॉक्सी किंवा ग्लू गन वापरावी. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी मोटरच्या बेअरिंगला अधूनमधून तेलाचा थेंब द्यावा आणि पोलादी तारा तपासाव्यात; खारी हवा त्यांना फार लवकर गंजवते.

लिथियम-पॉलिमर बॅटरीचा एक कप्पा पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो आणि ३ व्होल्टच्या खाली गेला तर कायमचा बिघडू शकतो. काही दिवस उडवायचे नसेल तर ३.८ च्या आसपास ठेवावा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये आणि कुठलीच बॅटरी उन्हात उभ्या गाडीत सोडू नये. ती पेटली तर आग विझवणे अत्यंत कठीण असते.

आता जागा. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, आणि दाबोळी तर नौदलाचा तळच आहे. ड्रोन नियम, २०२१ नुसार केवळ शिक्षण, संशोधन वा मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या प्रतिकृतींना प्रकार-प्रमाणपत्र (त्या नमुन्याच्या मंजुरीचा दाखला) लागत नाही. आकाशाचे निर्बंध मात्र त्यांनाही लागू आहेत. खुल्या, हिरव्या विभागात १२० मीटर उंचीची मर्यादा आहे, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती ६० मीटरवर येते, आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय काहीही उडवता येत नाही. बोगमाळोच्या किनाऱ्यावर, त्या संग्रहालयाजवळच, आपली अलिझे उडवण्याचा मोह कितीही झाला तरी तो आवरलाच पाहिजे. डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर आपले ठिकाण पाहून मगच निघावे. अनुकूल जागा म्हणाल, तर सरद, म्हणजे पावसाळी, भाताची कापणी झाल्यानंतरचे मोकळे मळे आणि आतल्या तालुक्यांतील जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे उघडी पठारे. मळ्याच्या मालकाला विचारावे, गुरे आणि विजेच्या तारा पाहाव्यात.

सडा उन्हाने तापला की त्यावरची हवा वर चढू लागते आणि घारी पंख न हलवता तिच्यात घिरट्या घालतात. इंजिनाविना उडणारे ग्लायडर असणाऱ्यांनी त्यांच्याकडे लक्ष ठेवावे. बाकीच्यांसाठी सकाळची वेळच उत्तम. पहाटेचे मतलई वारे मंदावलेले असतात आणि खारे वारे अजून सुटलेले नसतात, त्यामुळे सूर्योदयानंतरचे दोन तास हवा जवळजवळ स्थिर असते. दुपारी पश्चिमेकडून येणारा वारा माडांच्या रांगेवरून उलटून पलीकडे भोवरे करतो, आणि नेमके तिथेच विमान उतरवायची वेळ आली तर ते अचानक खाली खेचले जाते.

वाऱ्यातील सर्वात फसवी गोष्ट मात्र भोवरे नव्हेत. विमान हवेच्या सापेक्ष सेकंदाला १२ मीटरने जात आहे आणि वारा ५ मीटरचा आहे, असे समजा. वाऱ्याबरोबर जाताना ते आपल्याला १७ मीटरने धावताना दिसते आणि वाऱ्याविरुद्ध जाताना केवळ सातने. पंखाला दोन्ही वेळी तीच १२ मीटरची हवा मिळत असते. जमिनीवर उभ्या असलेल्या नवशिक्याला ते वाऱ्याबरोबर फारच वेगात निघाले असे वाटते, तो थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, कमी करतो आणि वळण घेतो. सरळ जाताना २.२ किलोच्या विमानाला सेकंदाला ९.८ मीटर पुरतात, पण ४५ अंश कुशीवर कललेल्या वळणात उंची राखायची असेल तर ११.७ मीटर लागतात. थ्रॉटल कमी केल्याने वेग आधीच त्याखाली गेलेला असतो, आतला पंख हवेची पकड सोडतो आणि विमान गिरकी घेत खाली येते. पाहणारे म्हणतात वाऱ्याने पाडले.

विमान समोरून आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते. त्यावर एक साधी युक्ती आहे: जो पंख खाली झुकलेला दिसतो त्याच बाजूला हातातील रिमोटची काठी ढकलावी, म्हणजे तो वर येतो.

नवीन किंवा फेरफार केलेल्या विमानाची परीक्षा प्रथम गवतावर, मोटर बंद ठेवून करावी. वाऱ्याकडे तोंड करून, नाक किंचित खाली ठेवून हलकेच सोडले की ते सरळ तरंगत जाऊन गवतावर टेकले पाहिजे. नाक वर करून थबकले आणि मग कोसळले, तर तोल बहुधा मागे आहे. पुढची परीक्षा उंचावर घ्यायची. समतल उडणारे विमान ४५ अंशांत खाली झुकवावे आणि एलेव्हेटरची (आडव्या शेपटीच्या हलत्या पट्टीची) काठी सोडून द्यावी. ते झपाट्याने वर वळले, तर नाक जड आहे. कारण जड नाक पेलण्यासाठी एलेव्हेटर आधीच वर लावून ठेवलेला असतो, वेग वाढला की त्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि नाकाचे वजन मात्र तेवढेच राहते. ते आणखी तीव्र उतारात शिरू लागले, तर तोल मागे आहे आणि ताबडतोब उतरवावे. हळूहळू आपणहून सावरू लागले, तर जागा बरोबर आहे. बॅटरी पाच मिलिमीटर सरकवून ही परीक्षा पुन्हा घ्यावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.