संपीडनाला दाद न देणाऱ्या फायली

झिप, जीझिप किंवा सेव्हन-झिपने संपीडित करूनही ज्यांचा आकार जेमतेम उतरतो, क्वचित काही बाइटांनी वाढतोही, अशा फायली. जेपेग छायाचित्रे, एमपी३ गाणी, एमपी४ चित्रफिती, आधीच झिप झालेल्या आणि कूटबद्ध केलेल्या फायली ही त्यांची नेहमीची उदाहरणे. दोष साधनाला दिला जातो, पण फाइलमध्ये पिळून काढण्याजोगे फारसे उरलेलेच नसते.

मूळ माहितीचा एकही बिट न गमावणारे संपीडन पुनरुक्ती आणि असमतोल या दोनच गोष्टींवर चालते. अब्राहम लेम्पेल व जेकब झिव यांच्या १९७७ मधील पद्धतीत येऊन गेलेला बाइटांचा क्रम पुन्हा आला, की तो न लिहिता किती मागे जाऊन किती बाइट उचलायचे एवढीच खूण ठेवतात. डेव्हिड हफमन यांच्या १९५२ मधील पद्धतीत वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड आणि दुर्मीळ चिन्हांना लांब संकेत मिळतात. झिप, जीझिप व पीएनजी यांत वापरला जाणारा डिफ्लेट म्हणजे या दोहोंचा मिलाफ. साध्या मजकुरात दोन्ही गोष्टी मुबलक असतात. देवनागरी मजकुरात तर जास्तच: यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात, त्यांतला पहिला सर्वत्र एकच आणि दुसरा दोनांपैकी एक.

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये या आकसण्याची सीमा एंट्रॉपीच्या, म्हणजे माहितीतील अनिश्चिततेच्या मापाच्या, रूपाने मांडली. ८ बिटांच्या बाइटाची २५६ मूल्ये सारख्याच शक्यतेने, एकमेकांशी संबंध न ठेवता येत असतील, तर सरासरी ८ बिटांहून कमीत ती लिहिता येत नाहीत. जेपेग डोळ्याला न जाणवणारा तपशील टाकून देते आणि उरलेल्यावर हफमन पद्धतच चालवते, त्यामुळे बाहेर पडणारे बाइट या यादृच्छिक स्थितीच्या जवळ पोहोचलेले असतात. वर्डच्या डॉक्स, एक्सेलच्या एक्सएलएसएक्स आणि अँड्रॉइड अ‍ॅपच्या एपीके फायली तर आतून झिपच असतात.

सर्वच फायली लहान करणारी पद्धत अशक्य आहे, आणि हे साध्या मोजणीने सिद्ध होते. १,००० बिटांच्या जेवढ्या फायली संभवतात, त्याहून लहान असलेल्या सगळ्या फायली, रिकामी धरूनही, संख्येने एकाने कमी भरतात. मग दोन फायलींना एकच लघुरूप द्यावे लागेल आणि ते उलगडताना मूळ कोणते हे कळणार नाही. निदान एक बाइट वाचू शकेल अशा फायली १२८ मध्ये एकाहूनही कमी. म्हणूनच डिफ्लेटमध्ये हार मानण्याची सोय आहे: ६५,५३५ बाइटांपर्यंतचा तुकडा जसाच्या तसा ठेवायचा आणि वर सुमारे ५ बाइटांचा मथळा जोडायचा. आकार वाढतो तो इथे.

मात्र साधनाची नजर तोकडी पडल्यानेही फाइल हटवादी भासते. डिफ्लेट मागचे ३२ केबीच पाहते, त्यामुळे एकाच मोठ्या छायाचित्राच्या दोन प्रती टार करून, म्हणजे एकाच फाइलमध्ये जोडून, जीझिप केल्या तरी दुसरी तितकीच जागा खाते. मोठा शब्दकोश, म्हणजे मागे पाहण्याचा मोठा पल्ला, वापरणारे सेव्हन-झिप ती ओळखू शकते. ड्रॉपबॉक्सच्या २०१६ मधील लेप्टन या साधनाने जेपेगमधला हफमनचा थर उलगडून, तीच माहिती अधिक नेमक्या पद्धतीने बांधून सुमारे २२ टक्के जागा वाचवली. पायचे दशांश साठवलेल्या फाइलमध्ये झिपला प्रत्येक अंकाच्या ८ बिटांपैकी वायफळ बिट तेवढे काढता येतात, अंकांच्या क्रमात काहीच सापडत नाही. ते सारे अंक काढून देणारा प्रोग्राम मात्र काही ओळींत मावतो.

कूटबद्ध फायलींबाबत क्रम महत्त्वाचा ठरतो. चांगल्या कूटबद्धीकरणाचे फलित यादृच्छिक बाइटांपासून वेगळे ओळखता येऊ नये अशीच अपेक्षा असते, म्हणून संपीडन करायचेच तर ते त्याआधी करतात. त्यातही धोका आहे: संपीडित आकारातील चढउतारांवरून गुप्त मजकूर ताडता येतो, हे २०१२ मध्ये उघड झालेल्या क्राइम हल्ल्याने दाखवले आणि त्यानंतर ब्राउझरांनी टीएलएस या संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण कूटबद्ध करणाऱ्या पद्धतीतील संपीडन बंद केले.